धुक्यातली हजेरी

पद्मावहिनी धावताना सगळ्यांच्या शेवटी असत. त्या हळू धावत म्हणून नव्हे. ती जागा त्यांना नेमून दिलेली होती, आणि नेमून देणारा माणूस फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार होता.

वहिनी मूळच्या सांगलीच्या. बी. ए. झाल्या आणि लग्न होऊन साताऱ्यात आल्या. घरात सासूसासरे, दोन दीर, लग्नाची नणंद, आणि नारायणरावांची बँकेतली बदलीची नोकरी. दीर मार्गी लागले, नणंद नांदायला गेली, वरद आणि भार्गवी शिकून पुण्याला गेले. घरात दोन माणसं उरली आणि वहिनींच्या रक्तात साखर आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता त्या कधी धावायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही नीटसं आठवत नाही. सुरुवातीला पंजाबी ड्रेस, ओढणीला कमरेशी गाठ आणि पायात वरदचे जुने बूट, अशा त्या कुरणेश्वरच्या रस्त्याला पहाटे धावायच्या. शेजारच्या बाई गॅलरीतून विचारायच्या, "काय हो पद्माताई, गाडी चुकली का?"

"चुकली ना," वहिनी न थांबता म्हणायच्या, "वीस वर्षांपूर्वीच."

त्याच रस्त्यावर त्यांना पहाटवारा मंडळ भेटलं. मंडळ म्हणजे काही कार्यालय नाही, पाटी नाही. दर रविवारी पहाटे बोगद्यापाशी जमायचं, यवतेश्वरचा घाट धावत चढायचा, देवळाच्या कमानीला हात लावून परत उतरायचं. शिक्षक होते, दुकानदार होते, सरकारी दवाखान्यातली रेश्मा होती, एमआयडीसीत नोकरी करणारी तरणी पोरं होती. या सगळ्यांचे म्होरके सुभेदार जोतीराम, पाटणकडचे. बोलणं गावाकडचं आणि शिस्त पलटणीतली. धावायला सुरुवात करायच्या आधी ते मंडळाचे कायदे दर वेळी नव्याने ऐकवायचे. ऐकून ऐकून सगळ्यांना ते पाठ झाले होते, तरी कुणाची मान हलली नाही तर सुभेदार पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

"उजव्या बाजूनं पळायचं, समोरची गाडी दिसली पायजे. कानात यंत्र घालायचं न्हाई. माकडास्नी खायाला टाकायचं न्हाई. गुरांच्या वाटंनं उतरायचं न्हाई, पावसात तर आजाबात न्हाई. मधनंच घरला जायाचं आसंल तर शेवटच्या माणसाला सांगून जायाचं. आन हजेरी झाल्याबिगर च्या न्हाई."

शेवटचा माणूस म्हणजे पद्मावहिनी.

ती जागा त्यांना मिळाली कासच्या सहलीत. पिठलं-भाकरीचा बेत होता आणि वाढायला वहिनी. वाढता वाढता, वर न बघता त्या म्हणाल्या, "त्या नव्या मुलाने भात घेतलेला नाही, आणि रेश्मा हात धुवायला गेली ती अजून आली नाही." सुभेदार भाकरी हातात धरून बघत राहिले. घरोघरच्या बायका अशाच असतात, त्यात वहिनींना काही विशेष वाटलं नव्हतं. पण सुभेदारांनी जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "वहिनी, म्होरल्या ऐतवारपास्नं तुमी मागं."

"मी मागेच असते की सुभेदार."

"तसं न्हवं. तुमच्या मागं कुणी ऱ्हायचं न्हाई. तुमी आला म्हंजी समदी आली, आसं समजायचं."

नारायणरावांनी घरी आल्यावर हे ऐकलं आणि ते म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं घरात जे फुकट केलंस, तेच आता घाटातही फुकट करणार." पण वहिनींना ते काम आवडलं. कुणाचं पाऊल कसं पडतं हे त्यांना ओळखू यायला लागलं. रेश्मा टाचांवर धावायची. साईराज चढावर धापा टाकायचा आणि तरी बोलत राहायचा. राजवर्धनचे पाय मात्र डांबरावर लागतात की नाही कळू नये इतके हलके पडायचे.

हा राजवर्धन इस्लामपूरकडचा. घरी ऊस, थोरला भाऊ सैन्यात, आणि हा साताऱ्यात खोली घेऊन कारखान्यात नोकरीला. सप्टेंबरातल्या मोठ्या शर्यतीत मंडळ झेंडा घेऊन उतरायचं, आणि पावसाळ्यात ज्याची एकही हजेरी चुकली नाही त्याच्या हातात सुभेदार तो झेंडा द्यायचे. त्या वर्षी तो मान राजवर्धनकडे चालला होता. पोरगा जिवापाड जपत होता तो. एका रविवारी तापाने फणफणलेला आला आणि कमानीला हात लावून गेला.

श्रावणातल्या त्या रविवारी धुकं असं होतं की बोगद्यापाशी उभं राहिल्यावर बोगदाच दिसत नव्हता. पाऊस थांबलेला. झाडांवरून थेंब मात्र पडत होते, आणि ते कुठून पडतात ते कळत नव्हतं. वहिनींना निघतानाच नको वाटलं होतं. नारायणराव झोपेतच म्हणाले, "आज राहू दे." पण शेवटचा माणूस आला नाही तर पुढचे कसे निघणार, म्हणून त्या आल्या.

सुभेदारांनी कायदे सांगितले, शिवाय एक वाढवला. "धुकं लय हाय. वळणावळणाला वहिनी हाक देतील. जो जवळ आसंल त्यानं ओ द्यायची."

चढताना सगळं ठीक होतं. वहिनी वळणावर "कोण आहे पुढे?" म्हणायच्या आणि पांढऱ्या भिंतीआडून कुणीतरी म्हणायचं, "मी हाय काकू, या." माणूस नाही, नुसता आवाज. एकदा एक जीप उतरत आली. तिचे दिवे आधी दिसले, आवाज मागून आला, आणि ती शेजारून गेल्यावर रस्ता आणखीच मुका झाला.

कमानीपाशी राजवर्धन सगळ्यात शेवटी उरला. बुटाची नाडी बांधत बसला होता.

"काकू, तुमी व्हा की पुढं."

"मी कुणाच्या पुढे जात नाही, तुला माहीत आहे."

"आवं, तुमी आशा उभ्या ऱ्हायलात की शाळंत गृहपाठ तपासायला उभ्या असल्यासारखं वाटतं."

"मग लवकर बांध."

तो हसला, उठला, आणि उताराला लागला. पहिल्या वळणाच्या आत धुक्याने त्याला गिळलं. वहिनी त्याच्यामागे निघाल्या. पुढच्या वळणावर त्यांनी हाक दिली, तर ओ आली ती रेश्माची. वहिनींना वाटलं, तो हलक्या पायाचा, रेश्माच्याही पुढे गेला असेल. मागं राहणाऱ्यावर लक्ष ठेवता येतं. बाजूला सरकणाऱ्यावर कसं ठेवायचं, हा विचार तोवर कुणाच्याच मनात आला नव्हता.

खाली बोगद्याजवळ चहावाल्या धुळाची टपरी. ताडपत्रीखाली सगळे उभे राहिले. कोण कुठे आहे ते नुसत्या सावल्यांवरून ओळखायचं. वहिनी पोचल्या तसे सुभेदार म्हणाले, "वहिनी आल्या. हजेरी." एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं.

"रेश्मा."

"हजर."

"साईराज."

"हजर, सुभेदार."

"राजवर्धन."

"हजर!"

वहिनींनी मान वळवली. ओ आली होती ती डाव्या अंगाने, आणि डाव्या अंगाला साईराज उभा होता. आवाज जरा घोगरा काढलेला. सगळी नावं संपली, सुभेदारांनी समाधानाने हात चोळले.

"सुभेदार," वहिनी म्हणाल्या, "राजवर्धन कुठाय?"

"हाय की. ओ दिली न्हवं त्यानं?"

"मला दिसला नाही तो."

"मला तर तुमीबी दिसंना झालाय, वहिनी." सगळे हसले.

"काकू," साईराज म्हणाला, "काकांची पण अशीच हजेरी घेता का हो?"

पुन्हा हशा. चारचौघांत एका मोठ्या मुलाला खोटं बोलतोस म्हणायचं, तेही नुसत्या कानाच्या भरवशावर, हे वहिनींच्या जिभेवर येईना. शिवाय हजेरी म्हणजे सुभेदारांचा देव्हारा. हजेरी पुरी झाली की त्यांच्या लेखी माणसं पुरी झाली. आपणच धुक्याने धास्तावलोय, असं वहिनींनी स्वतःला समजावलं आणि बाकड्याच्या टोकाला टेकल्या.

कुठेतरी ठक ठक आवाज येत होता. धुळा चहासाठी आलं ठेचत असावा. चार-पाच ठोके पडायचे, थांबायचे, पुन्हा पडायचे. कुणीतरी राजकारणावर बोलत होतं. रेश्मा ओले केस पिळत होती. ठक. ठक ठक.

"घ्या काकू, तुमचा बिनसाखरंचा." धुळा ग्लास घेऊन समोर उभा.

वहिनींनी ग्लास घेतला. त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मागे पुन्हा ठक झालं.

"धुळा, आलं कोण ठेचतंय?"

"आलं कवाच ठेचलं की. च्या झाला, वाटून झाला." त्याने टपरीकडे मान केली. "खलबत्ता ह्यो काय हितं."

दगडी खलबत्ता फळीवर होता. त्याच्याजवळ कुणीही नव्हतं.

वहिनींनी ग्लास खाली ठेवला. "साईराज, इकडे ये."

त्या आवाजात त्या वरदला लहानपणी बोलवत. साईराज आला.

"राजवर्धनची ओ तू दिलीस."

"न्हाई हो काकू, तसं काय—"

"मग कसं काय, ते सांग."

साईराजने सुभेदारांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्याच्या बहिणीला, साक्षीला, बघायला पाव्हणं येणारेत आज. इस्लामपूरला लवकर पोचायचंय. हजेरीपर्यंत थांबला तर उशीर, आणि हजेरी बुडली तर झेंडा गेला. म्हणून मला म्हटला, गड्या, माझी तू लाव, मी आधीच सटकतो. एवढंच हो काकू. कॉलेजात लावायचोच की आमी एकमेकांची."

"सटकला कुठल्या वाटेने?"

साईराजने नुसती डोंगराकडे मान केली.

"कुठल्या वाटंनं रं?" सुभेदारांनी विचारलं. आवाज चढवला नाही, तरी आजूबाजूची सगळी बोलणी थांबली.

"गुरांच्या."

घाटाची वळणं तोडून ती वाट सरळ खाली येते, ओघळीतून, शेवाळलेल्या दगडांवरून. धुळाची म्हसरंही पावसात तिच्याकडे बघत नाहीत.

"तो गेला असंल घरी," साईराज घाईघाईने म्हणाला. "पार उंब्रजच्या पुढं गेला असंल आता. तुमी उगा..."

तेवढ्यात टपरीमागून फोन वाजला. कुठलंसं देवाचं गाणं होतं, दबलेलं, बंद पेटीतून यावं तसं. धुळा मागे गेला आणि तिथूनच म्हणाला, "ही गाडी राजवर्धनदादाची हाय. डिकीत वाजतोय." गाणं संपलं. पुन्हा सुरू झालं. इस्लामपूरला पोहे भिजत घातले असतील, कुणीतरी दारात उभं राहून विचारत असेल, निघालास का रे म्हणून. गाणं पुन्हा संपलं.

"आता कुणी बोलायचं न्हाई," सुभेदार म्हणाले. "पाय सुदिक वाजवायचा न्हाई." ते ताडपत्रीबाहेर गेले, डोंगराकडे तोंड केलं, आणि मघाशी पुकारलं होतं तसंच ते नाव पुकारलं.

"राजवर्धन!"

धुक्यातून काहीच आलं नाही. पानांवरून थेंब पडत राहिले. मग वरून, फार लांबून नव्हे, अगदी टपरीच्या डोक्यावरून वाटावं इतक्या जवळून, दगडावर दगड आपटला.

ठक.

तो त्यांना ओघळीत सापडला. वरच्या टप्प्यावरून घसरून दगडांच्या बेचक्यात उलटा पडला होता. डोकं खाली, कंबर पिळवटलेली. छातीला मार लागल्याने ओरडता येत नव्हतं. उजव्या मुठीत एक दगड होता आणि तो सोडवून घ्यावा लागला. साईराज उचलायला धावला तर सुभेदारांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "हात लावू नगंस. पाठ मोडली आसंल तर उचलल्यानं जाईल." रेश्माने मानेला आधार दिला, पोरांनी स्ट्रेचर म्हणून धुळाचं बाकडं वर आणलं, आणि रुग्णवाहिकेची माणसं येईपर्यंत वहिनी त्याच्या डोक्याशी बसून राहिल्या. त्याचे डोळे उघडे होते. ओठ निळसर. तो काहीतरी पुटपुटत होता, म्हणून त्या वाकल्या.

"काकू," तो म्हणाला, "मी गेलो न्हवं घरी?"

त्यांना वाटलं, भ्रमात आहे. त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाशील हं."

साताऱ्यात प्राथमिक उपचार झाले, आणि घरच्यांनी त्याला मिरजेला हलवलं. मणके वाचले होते, पण कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, चालेल. धावेल का, असं आईने विचारलं तेव्हा ते आधी चालू द्या म्हणाले. साक्षीला बघायला आलेले पाहुणे त्या दिवशी न जेवता परत गेले, आणि पुढे त्यांचा निरोप आला नाही.

वहिनी माहेरी सांगलीला गेल्या, आणि तिथून मऊ भाताचा डबा घेऊन मिरजेला. राजवर्धनची आई जरा डोळा लागावा म्हणून बाहेरच्या बाकावर जाऊन पडली. पलंगाशी दोघंच. तो छताकडे बघत बोलू लागला.

"काकू, मला तुमी समदे ऐकू येत होता."

"कधी?"

"हजेरीच्या वेळंला. ओघळीतनं आवाज सरळ वर येत होता. सुभेदार बोलले, वहिनी आल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता माझं नाव येणार, ओ येणार न्हाई, मग शोधत्याल." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "माझं नाव आलं. मी तोंड उघडलं, तर आवाज निघंना. आणि खालनं कुणीतरी हजर म्हटलं."

वहिनींच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"मीच सांगितलं होतं त्याला, हे ध्यानातच आलं न्हाई बघा. मला वाटलं, मी पोचलोय खाली. तुमच्यात उभा हाय, च्या पितोय. आन हितं दगडात पडलाय तो दुसराच कोण तरी. त्याला शोधायला कोण येणार? त्याचं तर नावबी घेतलं न्हाई कुणी. मग तुमी विचारलंत, राजवर्धन कुठाय. आन समदे हसले."

वहिनींनी भात कालवला आणि त्याला भरवला. त्याने खाल्लाही. पण मध्येच दारातून नर्सने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं, तेव्हा तो असा दचकला की घास छातीवर सांडला.

साताऱ्यात सुभेदारांनी निकाल देऊन टाकला होता. साईराजला मंडळातून काढायचं. या वर्षी झेंडा कुणाच्याच हातात द्यायचा नाही. ते स्वतःही दोन आठवडे कुणाशी धड बोलले नाहीत. वहिनी त्यांच्या घरी गेल्या.

"काढून काय होणार सुभेदार? तो कुठेतरी एकटाच धावेल. त्यापेक्षा मागे राहू दे, माझ्याबरोबर."

"त्यानं खोटी ओ दिली, वहिनी."

"दिली. आणि ती खोटी आहे हे मला कळलं होतं, तरी मी ग्लास हातात घेतला."

सुभेदारांनी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "आन मी तर हसलो."

आता हजेरी नुसती तोंडी होत नाही. सुभेदार नाव घेतात आणि वहिनी त्या माणसाच्या खांद्याला हात लावतात. हात लागल्याशिवाय पुढचं नाव नाही. राजवर्धनचंही नाव सुभेदार घेतातच, आणि त्या नावानंतर कुणीही बोलत नाही, हलत नाही. नव्याने आलेल्यांना कळत नाही हे काय चाललंय. कुणीतरी कानात सांगतं.

साईराज सगळ्यात मागे, वहिनींच्या बरोबरीने धावतो. बोलत नाही आता. भाद्रपदातल्या एका रविवारी पुन्हा तसंच धुकं उतरलं. गुरांची वाट जिथे रस्ता सोडते त्या वळणावर वहिनी थांबल्या. आता त्या तिथे नेहमीच थांबतात. पुढच्यांची पावलं विरत गेली. पूर्वी असं सगळं शांत झालं की त्यांना बरं वाटायचं; पोरं सुखरूप पुढे गेली म्हणायच्या.

साईराजने ओघळीत डोकावून पाहिलं. पांढऱ्याशिवाय काहीच नव्हतं.

"काही ऐकू येतंय का काकू?"

"नाही."

"मग जायचं?"

"थांब जरा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी श्वासही धरून ठेवला.